कोर्टाच्या मेजावरची ओटी

आमचा संसार राहिला तो मुन्सफसाहेबांच्या बायकोमुळं. हे आधीच सांगून टाकते. गावात विचारलं तर कुणी साहेबांचं नाव घेतं, कुणी वकिलाचं, आणि तुळजापुरात राहून देवीचं नाव तर सगळेच घेतात. त्या सगळ्यांचे उपकार आहेतच. पण एका मंगळवारी त्या बाई देवळातून घरी गेल्या आणि नवऱ्याला एक गोष्ट सांगितली. लपवायची म्हटली असती तर लपवता आली असती, निदान त्या दिवशी तरी तसं वाटलं असतं. त्यांनी लपवली नाही. म्हणून आमचे हे सुटले. त्या बाईंना त्याचं काय मिळालं, ते पुढं येईलच.

मी फार शिकलेली नाही. गोदावरीच्या काठचं आमचं गाव, परभणीकडचं. चौथीत असताना आई गेली नि शाळा सुटली, ती सुटलीच. पुढं लग्न झालं, आणि यांना तुळजापूरला पिठाच्या गिरणीत काम लागलं म्हणून आम्ही इकडं आलो. तेव्हा परभणी ते तुळजापूर म्हणजे परका मुलूखच वाटायचा. गावात ज्याला त्याला कुठल्या तरी पुजाऱ्याचं नातं, कुठल्या तरी पाटलाचा आधार. आमचं कुणी नाही. त्यात मी मुळातच भित्री. यांना यायला जरा उशीर झाला तर मी दारात उभी राहून पदराला पीळ घालायची.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या नंतरची ही गोष्ट. त्या साली पाऊस ओढला होता. स्वस्त धान्याच्या दुकानात तांबडा गहू यायचा म्हणे. म्हणे अशासाठी, की बाया पिशव्या घेऊन फळ्यांसमोर बसलेल्या असायच्या आणि फळ्या काही उघडायच्या नाहीत. गहू मात्र पोत्यांनी आमच्या गिरणीत यायचा नि पीठ होऊन सोलापूरच्या हॉटेलांना जायचा. पोती गावच्या पुढाऱ्याच्या मेहुण्याची. पुढारी राज्य करणाऱ्या पक्षाचा, मुंबईला मंत्र्यांच्या घरात चपला घालून फिरणारा, असं लोक सांगत.

ती पोती हेच गिरणीत ओतायचे. घरी येऊन म्हणायचे, "सरकारी शिक्क्याचं पोतं आपल्या हातानं उसवायचं, अन् येताना त्या बायांच्या पुढून यायचं. मान वर होत नाही बघ."

मी म्हणायची, "मग खाली घालून या. आपण परकी माणसं. आपल्याला काय करायचंय?"

तेव्हा मंत्री देवीच्या दर्शनाला यायचे झाले. लोकांनी चौकात मोटार अडवली. पार तामलवाडीकडनं माणसं आली होती. हे गर्दीतून पुढं गेले. मला सांगितलं नव्हतं, कुणालाच नव्हतं, पण यांनी गिरणीतला तो गहू दोन्ही हातांच्या ओंजळीत भरून आणला होता, मंत्र्यांना दाखवायला. "साहेब, हा सरकारी गहू. हा कुठं दळला जातो ते जरा विचारा," एवढंच यांचं बोलणं झालं. तेवढ्यात मागून कुठून तरी दगड आला आणि मोटारीची पुढची काच फुटली. पळापळ झाली. पोलिसांनी कुणाला धरायचं ते पुढाऱ्यानं बोटानं दाखवलं.

सरकारी मोटारीवर हल्ला, मंत्र्यांच्या जिवाला धोका, असा खटला झाला. वकील म्हणाले, "शाबीत झालं तर काही वर्षं आत." मी विचारलं, "काही म्हणजे?" ते म्हणाले, "ते आत्ता नका विचारू."

तुळजापूरचं मुन्सफ कोर्ट म्हणजे लांब ओसरी, आत एक उंच बैठक, आणि ओसरीवर पेशीची वाट बघणारी माणसं. पहिल्या दिवशी मी पायरीवरच बसून राहिले. वर जायचा धीर होईना. कोर्टाचा एक म्हातारा चपराशी होता, नाव पुकारायचं काम त्याचं. तो बाहेर आला आणि म्हणाला, "बेटी, पायरीवर बसशील तर लोक तुला ओलांडून जातील. वर ये. सावली सरकारची हाय, फुकट हाय." तेव्हापासून मी त्यांना चाचा म्हणायला लागले. निजामाच्या अमलापासून ते त्याच दारात उभे होते. छातीवरच्या पट्ट्याचा पितळी बिल्ला दाखवून म्हणायचे, "राज बदललं तेव्हा हा एक बिल्ला बदलून दिला. पट्टा तोच, बूट तेच, अन् उन्हात उभं राहणं तेच."

साहेबांनी यांना जामीन दिला. पोलिसांनी नको म्हटलं होतं, तरी दिला. पण जामीन राहायला माणूस मिळेना. गिरणीवाले म्हणाले, "ताई, मला याच गावात गिरणी चालवायचीय." घरमालक म्हणाले, "माझी तब्येत बरी नसते." ज्या बायांसाठी यांनी ओंजळ पुढं केली, त्यांच्या घरीही गेले. त्या रडल्या, चहा दिला, पण आपल्या नवऱ्यांना जामिनाला पाठवलं नाही. मी कुणाला बोल लावत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही दार ओढून घेतलं असतं. जामीन मिळूनही हे धाराशिवच्या जेलातच राहिले.

मुन्सफसाहेबांवर कसला दाब येतोय ते मला चाचांकडून कळायचं. ते साहेबांच्या घरीही कामाला असायचे. खटल्याची तारीख लागली आणि पुढारी जीप घेऊन साहेबांच्या दारात गेला. साहेब ओट्यावर आले, पण आत या म्हणाले नाहीत.

"काम असेल तर वकिलामार्फत कोर्टात या," साहेब म्हणाले.

पुढारी हसला. "साहेब, कोर्ट आमच्याच सरकारचं. आपल्याच घरात यायला वकील कशाला?"

"सरकारलाही वकील लागतो," साहेब म्हणाले. "त्यालाही मी ओट्यावर भेटत नाही."

हे सांगताना चाचांना हसू यायचं, पण पुढचं सांगताना यायचं नाही. त्यानंतर साहेबांच्या घरी पाणी घालणारा यायचा बंद झाला. तुळजापुरात उन्हाळ्याचं पाणी म्हणजे काय ते इथल्यालाच माहीत. दूधवाल्यानं म्हैस आटली म्हणून सांगितलं. चाचा म्हणायचे, "बडी हुशार म्हैस. नुसती साहेबांच्या घरापुरती आटली." घर भाड्याचं होतं, त्याच्या मालकाला एकाएकी आपल्या मुलाचं लग्न आठवलं. मग धाराशिवहून एक मोठे अंमलदार येऊन गेले. फार गोड बोलले म्हणे. कोर्टाच्या कामात आम्ही बोटसुद्धा घालणार नाही, फक्त तुमच्या बढतीचा कागद वर गेलाय, तो कुणाच्या हातात आहे एवढं कानावर घालतो, असं म्हणाले. साहेबांनी त्यांना निरोप देताना पावसाबद्दल विचारलं.

साहेबांच्या बायकोला मी तोवर पाहिलं नव्हतं. गावात फार कुणी पाहिलं नव्हतं. त्या घरचा रिवाजच तसा होता. कुणाच्या हळदीकुंकवाला जायचं नाही, कुणाचं वाण घ्यायचं नाही, कुणाकडून ओटी भरून घ्यायची नाही. गावात घरटी एक दावा कोर्टात, मग कुणाचं घ्यायचं नि कुणाचं नाही? बाया म्हणायच्या, "लई मिजास हाय मुन्सफाच्या बायकोला." चाचा म्हणायचे, "मिजास नाही गं. दिवसभर खिडकीत बसून असतात. लेकरू नाही, बाळ नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला बोलावून विचारतात, आज बाजारात काय काय आलंय सांगा."

लेकाची बातमी लागली तेव्हा सासूबाई गावाहून आल्या. सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यांना नणंदेच्या स्वाधीन करून आल्या. आल्या आल्या त्यांनी कोर्टाचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, "देऊळ कुणीकडं?" आणि पायरीवर डोकं टेकून नवस बोलल्या, की माझ्या लेकाला सोडव, पाच सवाष्णींच्या ओट्या भरते.

मी म्हटलं, "आत्या, नवस फेडायचा तो काम झाल्यावर ना?"

"तुला काय कळतंय? म्या आधी भरते. घेऊन बसल्यावर तिलाच लाज वाटंल."

पुढच्या मंगळवारी आम्ही खण, नारळ, हळकुंडं, सुपाऱ्या घेऊन देवळात गेलो. आमच्याकडं ओटी गव्हाची असते, तो गहूही सासूबाईंनी गावाहून गाठोड्यात बांधून आणलेला. चार सवाष्णी यात्रेकरूंतल्याच मिळाल्या. पाचवी मिळेना. एसट्या येऊन गेल्या होत्या, गर्दी पांगली होती. कल्लोळ तीर्थाजवळ एक बाई एकट्याच उभ्या दिसल्या. अंगावर साधं नऊवारी, हातात हिरवा चुडा, कपाळाला कुंकवाची आडवी चिरी. त्या यात्रेकरू वाटत नव्हत्या आणि गावातल्याही वाटत नव्हत्या.

सासूबाई सरळ पुढं गेल्या. "सवाष्ण हाईस नव्हं माय? पदर पसर."

त्या बाई मागं सरकल्या. "नको हो मावशी. मला ओटी घेता येत नाही."

"का बरं? विटाळ हाय?"

"तसं नाही."

"मग देवीच्या दारात न्हाय म्हणू नये. माझी पाचवी ओटी हाय, अडल्ये म्या."

त्या बाईंनी इकडं तिकडं पाहिलं. पदर दोन्ही हातांत धरला, सोडला, परत धरला. सवाष्णीनं देवीच्या दारात ओटी नाकारायची म्हणजे काय, ते बाईमाणसालाच समजेल. शेवटी त्यांनी पदर पसरला. सासूबाईंनी कुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीनं गहू घातला आणि म्हणाल्या, "पुढल्या साली कुशीत लेकरू घेऊन ये." त्या बाईंनी मान इतकी खाली घातली की मला त्यांचं तोंड दिसेना.

मग त्यांनी हळूच विचारलं, "कुणासाठी बोलला होता नवस?"

"लेकासाठी. खोटा खटला घातलाय माझ्या लेकरावर. मंत्र्याच्या मोटारीचा."

त्यांचा पदर धरलेला हात तसाच राहिला. "कुठल्या कोर्टात?"

"हितल्याच की."

त्या ओटी पोटाशी धरून पायऱ्या चढून गेल्या. सासूबाई म्हणाल्या, "बघितलंस? किती कळवळली बिचारी." मला मात्र कसंसंच झालं. का ते तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी यांची पेशी होती. चाचांनी पुकारलं. यांना बेड्या घालून आणलं. मी दाराशी उभी, सासूबाई माझ्या मागं. आणि मी पाहिलं, साहेबांच्या मेजावर एका पांढऱ्या फडक्यावर आमचा खण होता, नारळ होता, हळकुंडं, सुपाऱ्या, आणि गव्हाचा लहानसा ढीग.

साहेब एरवी काय बोलायचे ते वकिलांशी इंग्रजीत. त्या दिवशी ते मराठीत बोलले, सावकाश, ओसरीपर्यंत ऐकू जाईल असं. म्हणाले, काल देवळात एका बाईंनी माझ्या पत्नीची ओटी भरली. भरून झाल्यावर कळलं, की त्या या खटल्यातल्या आरोपीच्या आई आहेत. माझ्या पत्नीनं ते मला काल घरी आल्याबरोबर सांगितलं. ओटी जशीच्या तशी इथं आहे. पंचांसमोर हिची नोंद करून घ्या. हा खटला मी चालवावा का नाही, हे मी ठरवणार नाही. धाराशिवला वरच्या कोर्टाला लिहितो.

सगळ्या कोर्टानं मागं वळून सासूबाईंकडं पाहिलं. त्यांनी खणाकडं पाहिलं नि माझा दंड धरला. "आगं, ती मुन्सफाची होती?"

बाहेर आल्यावर वकील नाही नाही ते बोलले. "मावशी, एवढ्या मोठ्या यात्रेत तुम्हाला हीच बाई सापडली? तुम्ही देवीला लाच द्यायला गेलात ती कोर्टात येऊन पडली. आता खटला दुसऱ्याकडं जाईल. आणि तो दुसरा कोण असेल ते पुढारी ठरवील."

सासूबाई घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसल्या. मी चूल पेटवली नाही. माझ्या मनात एकच येत होतं, की त्या बाईंनी सांगितलंच नसतं तर काय बिघडलं असतं? आम्ही तर कुणाला सांगणार नव्हतो. आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्या बाईंचा मला राग आला. तो राग आठवला की आजही जेवण जात नाही.

पण देवळात पाहणारे आम्हीच नव्हतो. पुढाऱ्याच्या एका माणसाचं दुकान त्या पायऱ्यांवरच होतं. तिकडं साहेबांचा कागद धाराशिवला गेला, आणि त्याच्या मागोमाग पुढाऱ्याचा अर्ज गेला. मुन्सफानं आरोपीकडून बायकोमार्फत भेट घेतली, खटला काढून घ्या, मुन्सफाची चौकशी करा. अर्जावर गावातल्या बड्या बड्या सह्या होत्या. तो अर्ज आधी पोचता आणि साहेबांकडून काहीच गेलेलं नसतं, तर काय झालं असतं ते सांगायला वकील लागत नाही.

किती दिवस वाट पाहिली ते मी मोजलं नाही. एक दिवस चाचा कोर्टातून थेट आमच्या दारात आले. कधी यायचे नाहीत. म्हणाले, "बेटी, पाणी दे आधी." मग सांगितलं, "बड्या साहेबांनी धाराशिवहून लिहिलंय. म्हणतात, अर्जात जे सांगितलंय ते मुन्सफानं आधीच भर कोर्टात सांगून झालंय. लपवलेलं काही नाही, ठेवून घेतलेलं काही नाही. खटला त्यांनीच चालवायचा."

सासूबाई भिंतीकडून वळल्या. "म्हंजी त्या पोरीनं सांगितलं म्हणून..."

"हां मावशी. म्हणूनच." चाचा पाण्याचा गडू हातात धरून बसून राहिले. "ओटी बाईसाहेबांनी आपल्या हातानं बांधून दिली. मला म्हणाल्या, चाचा, जपून न्या, एक दाणा सांडू देऊ नका. एक दाणा ठेवून घेतला नाही त्यांनी."

खटला चालला. पोलिस आले, पुढाऱ्याची माणसं आली. सगळ्यांनी यांना दगड मारताना बघितलं होतं म्हणे. आमच्या वकिलांनी उलटसुलट विचारलं, पण ती माणसं तयार करून आणलेली, हलेनात. शेवटचा साक्षीदार पुढाऱ्याचा उजवा हात. आमच्या वकिलांचं झाल्यावर तो उतरायला लागला, तेव्हा साहेबांनी त्याला थांबवलं.

"तुम्ही आरोपीच्या अगदी जवळ होतात?"

"व्हय साहेब. हातभर."

"त्याच्या हातात काय होतं?"

"गहू."

"कोणत्या हातात?"

"दोन्ही. ओंजळ धरली हुती न्हवं का, मंत्रीसाहेबाला दाखवाया."

"काच फुटली तेव्हा?"

"तवाबी हुती. काच फुटली, पोलिसांनी धक्का दिला, तवा सांडला समदा."

साहेबांनी ते लिहून घेतलं. साक्षीदाराला आपण काय बोललो ते खाली उतरल्यावर, पुढाऱ्याचं तोंड बघून कळलं. आमच्या वकिलांनी घाम पुसला.

निकालाच्या दिवशी साहेबांनी बरंच इंग्रजीत वाचलं. मला वकिलांच्या तोंडाकडं बघून समजत होतं. मग यांच्याकडं पाहून साहेब मराठीत म्हणाले, "तुम्ही सुटलात. जा घरी." यांच्या हातातली बेडी काढताना तिचा जो आवाज झाला, तो माझ्या कानातून जात नाही. हे साहेबांच्या पाया पडायला वाकले. साहेब म्हणाले, "इथं पाया पडायचं नसतं. मी तुमच्यावर उपकार केलेला नाही." आणि लिहीत राहिले.

निकालात खाली एक ओळ ओटीचीही होती. त्या वस्तू ज्यांच्या त्यांना परत. चाचांनी ते फडकं आणून सासूबाईंपुढं धरलं.

सासूबाईंनी हात मागं घेतले. "दिलेली ओटी माघारी घेत्यात व्हय?"

"मावशी, हुकूम हाय. मी काय करू?"

मीच पुढं झाले आणि पदरात घेतली. गव्हात किडे झाले होते. नारळाचा आत गोटा झाला होता, हलवला की वाजायचा. खण मात्र तसाच होता, घडीसुद्धा मोडली नव्हती. गहू सासूबाईंनी पाखरांना घातला. नारळ तीर्थात सोडला. खण ट्रंकेत तळाशी ठेवला.

पुढं थोड्याच दिवसांत साहेबांची बदली झाली, चांद्याकडं, जंगलातल्या कुठल्या तरी तालुक्याला. कुणी केली मला माहीत नाही. चाचा म्हणाले, कागद वरून आला. वरून म्हणजे कुठून, ते त्यांनाही सांगता आलं नाही. त्या अर्जावरची चौकशी पण उघडली म्हणे परत, दुसऱ्या कुणी. बढती तर गेलीच. बदलीच्या सकाळी पुढाऱ्याच्या माणसांनी स्टँडवर पेढे वाटले. आम्हालाही देऊ केले. यांनी घेतले नाहीत.

साहेब नि बाई सोलापूरच्या गाडीत बसले होते. पोचवायला चाचा एकटेच. सामान थोडं. गावातलं कुणी नव्हतं, म्हणजे होते सगळे, पण लांब, दुकानांच्या फळ्यांशी उभे. सासूबाई खिडकीपाशी गेल्या. हातात नवा नारळ नि खण. साहेबांनी पाहिलं, आणि गाडीच्या पुढच्या काचेकडं बघत बसले.

बाई म्हणाल्या, "आता नको, मावशी. हे अजून कोर्टाचेच आहेत. नोकरीतून मोकळे झाले की भरा. तेव्हा मी घेईन."

"तवर म्या जगते व्हय?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना मी आधी कधी एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. म्हणाल्या, "मग सूनबाईंनी भरावी."

मी मान हलवली. हे सुटले ते तुमच्यामुळं, एवढं तरी म्हणायचं होतं, ते राहून गेलं. गाडी सुटली. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला नाही. पदर पुढं ओढून मांडीवर धरला आणि त्याच्याकडं बघत राहिल्या.

त्यांच्या मागून आलेल्या साहेबांच्या घरी पाणी घालणारा पहिल्या दिवसापासून जायला लागला.

चांद्याकडची हवा वाईट. साहेबांना तिथं हिवताप धरला, तो वर्षातून फिरून फिरून येतो, असं चाचांना कुणी तरी सांगितलं. बाईंना लेकरू झालं नाही. त्यानंतर चाचाही गेले, मग बातमी आणणारं कुणी राहिलं नाही. सासूबाई गेल्या. जाताना म्हणाल्या, "ट्रंकेतला खण तुझा न्हाय, तिचा हाय." आणि मग हे गेले. गिरणीच्या पिठानं यांची छाती भरली होती. जेलातून सुटले म्हणून वाचले असं मी म्हणायची, पण देवीनं मला यांच्यासंगं थोडीच वर्षं दिली. तीही त्या बाईंच्या पदरातून काढून दिली, असं मला वाटतं.

आता मी देवळाच्या वाटेवर ओटीचं सामान विकते. खण, नारळ, हळकुंडं, कवड्यांच्या माळा. मी विकलेल्या सामानानं दिवसभर बाया एकमेकींच्या ओट्या भरतात. मला भरता येत नाही, कपाळ मोकळं आहे. सोलापूरच्या गाडीची माणसं उतरली की मी प्रत्येक सवाष्णीचं तोंड बघते. कुणाच्या कपाळावर आडवी चिरी दिसली की हातातली माळ तशीच राहते. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, पैसे घ्या की."

साहेब अजून नोकरीत असतील. हिशेबानं थोडी वर्षं राहिली असतील. तोवर बाईंचं कुंकू देवीनं राखावं, एवढंच रोज मागते. साहेब मोकळे झाल्याचं कुणाकडूनही कळलं, की मी जाणार आहे. चांद्याला असोत की आणखी कुठं. पत्ता कोर्टात विचारीन. आता पायरीवर बसत नाही मी, वर जाते. ट्रंकेतला खण काढीन, गहू आमच्या गोदाकाठचा घेईन. माझ्यासारखीनं ओटी भरू नये, हे मला ठाऊक आहे. पण भरायची ती सूनबाईंनी, असं त्यांनीच सांगितलंय, आणि ती सून मीच आहे. त्या पदर पसरतील. एक दाणाही त्यांना परत द्यावा लागणार नाही, तेव्हा मी त्यांची ओटी भरीन.